बुडबुडे हवेचे होते

कोणी काहीही सांगितलं की मॅडम चष्मा कपाळावर ढकलायच्या, एक डोळा बारीक करून समोरच्याकडे पाहायच्या आणि विचारायच्या, "आन अंधारात ठेवून पायलं का?"

आमच्या कॉलेजात भूगोलाचे एक सर आहेत. त्यांनी एकदा स्टाफरूममध्ये सांगितलं, की कुठलासा काढा घेतला आणि तीन दिवसांत सर्दी गेली. मॅडम म्हणाल्या, "आन न घेता किती दिवसांत जाते, ते पायलं का?" सरांनी चहाचा कप उचलला आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. हेडक्लार्कनी टेबलाचं तोंड पूर्वेला केलं आणि तेव्हापासून फायली भराभर निघतात असं सांगितलं, तर मॅडम म्हणाल्या, "आता आठ दिवस पश्चिमेकडे करा. मंग सांगा."

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याला आनंदाची बातमी सांगायला जीव कचरतो. आणि बातमी खरी असेल, तर पहिल्यांदा त्यालाच सांगावीशी वाटते.

मी गोंदियाच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्र विभागात परिचर आहे. काचेची भांडी धुणं, ॲसिडच्या बाटल्या भरणं, प्रॅक्टिकलच्या आधी टेबलं मांडणं हे माझं काम. राहतो कुडव्याला, गाडीनं येतो-जातो. मॅडम येण्याआधी मला विभागात सगळे "अरे" म्हणायचे. "अरे, ब्युरेट आण." मॅडमनी पहिल्या दिवशी नाव विचारलं, वय विचारलं, आणि "म्हंजे तुमी माह्यापेक्षा मोठे" असं म्हणून त्या दिवसापासून मला "भाऊ" म्हणू लागल्या.

त्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या, तिथल्याच प्रतापगडच्या बाजूच्या एका गावच्या. घर कोहळी समाजाचं. त्यांच्या पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले. "आमच्या लोकायनं पिढ्यान् पिढ्या पाणी अडवलं," त्या म्हणायच्या, "आन मी पाणी फोडून राहिली. घरचे म्हणतात, पोरगी बिघडली."

बोलायच्या अशाच, गावाकडचं. वर्गातसुद्धा. पुण्याकडून आलेले एक सर त्यांना सांगायला गेले, "मॅडम, विद्यार्थ्यांसमोर जरा प्रमाण भाषा वापरत जा."

"काऊन जी? रेणूले काय फक्त पुण्याचं मराठी समजते?"

खरं तर त्या स्वतः पुण्यातच, मोठ्या संस्थेत शिकून पीएचडी झालेल्या. तिथंच नोकरीही मिळत होती म्हणे. मग इकडे कशाला परत आल्या, असं त्यांना सगळे विचारायचे. त्या एकाच शब्दात उत्तर द्यायच्या: "उन्हासाठी." लोकांना वाटायचं, थट्टा आहे.

थट्टा नव्हती. त्यांचं कामच उन्हाचं होतं. दोन रसायनं एकमेकांत गुंफून त्या एक पावडर बनवायच्या. दिसायला विटेच्या भुकटीसारखी. पण आतून ती सगळी जाळी, भोकंच भोकं. मला त्यांनी समजावलं ते असं: "भाऊ, ह्या एका चिमटीतली आतली जागा उलगडून पसरली, तं तुमची धानाची एक बांधी भरन. एवढी जागा उन्हाले आन पाण्याले भेटाले." ही पावडर पाण्यात टाकायची, कणभर प्लॅटिनम आणि थोडं व्हिटॅमिन सी घालायचं आणि उन्हात ठेवायचं. ऊन जाळीनं पकडलं की पाण्यातून हायड्रोजन सुटतो. हायड्रोजन म्हणजे जळणारा वायू, ज्याच्या धुरात फक्त पाण्याची वाफ.

"व्हिटॅमिन सी कायले?" मी विचारलं होतं.

"जाळीले इलेक्ट्रॉन लागते. तो व्हिटॅमिन सी देते आन स्वतः संपते. ही आपली लबाडीच आहे. पुढं त्याच्याशिवाय करू."

अंधाराचा प्रश्न इथूनच आला होता. एक बाटली उन्हात ठेवली की तिची जुळी बहीण काळ्या कापडात गुंडाळून ठेवायची. दोघींत सारखंच काही झालं, तर उन्हानं काही केलं नाही असं समजायचं.

पण मी एक गोष्ट पाहत होतो. उन्हावर काम करणारी ही बाई स्वतः उन्हात उभी राहत नसे. कॉलेजच्या गेटपासून विभागापर्यंत छत्री. हातात दोन लिटरची पाण्याची बाटली, ती दुपारपर्यंत संपलीच पाहिजे. मला वाटायचं, पुण्याचे नखरे.

एका एप्रिलमध्ये त्या तीन वेळा गच्चीवर चढल्या-उतरल्या. चौथ्या वेळी जिन्यातच बसल्या. दोन्ही हातांनी गुडघे आवळून धरलेले, ओठ पांढरे.

"मॅडम, डॉक्टरले बोलावू का?"

"बसा. बोलावू नका. माह्या पिशवीत गोळी आहे." गोळी घेतली, पाणी प्यायल्या, आणि दुखणं जरा ओसरल्यावर म्हणाल्या, "सिकल आहे, भाऊ. जन्मापासून."

आमच्या भागात सिकल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दर चार घरांआड कोणाला तरी असतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि हाडं आतून फुटतात की काय असं दुखतं. ऊन, थंडी, दमणूक, पाणी कमी पडणं, कशानंही ते सुरू होतं. मी छत्रीला नखरे म्हणालो होतो. मनातच म्हणालो होतो, पण मला लाज वाटली.

"आता गच्चीवर मीच जाईन," मी म्हणालो.

"ठीक आहे. उन्हाचं खातं तुमच्याकडं. सावलीचं माह्याकडं." मग त्या हसल्या. "मी लहान होती तवा डॉक्टरनं माह्या मायले सांगतलं होतं, पोरगी तिशी पाहील का नाही, सांगता येत नाही. एकतिसाव्या वाढदिवसाले मी त्या डॉक्टरले पेढे नेऊन देल्ले."

"मंग? काय म्हणले?"

"दोन खाल्ले. तिसरा घरी नेला."

पावडर बनवायची म्हणजे काचेच्या जाड नळीत रसायनं भरायची, आतली हवा ओढून घ्यायची, नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं आणि तीन दिवस सलग सारख्या उष्णतेत ठेवायची. सलग. आणि आमच्याकडे वीज कधी जाईल ते वीजवाल्यांनाही माहीत नसतं. दोन वेळा ओव्हन मध्येच थंड झाला आणि नळीत नुसता चिखल निघाला.

तिसऱ्या वेळी मॅडम मला गाडीवर घेऊन एका राइस मिलवर गेल्या. उसना, म्हणजे धान उकडून, तांदूळ काढणारी मिल. हंगामात तिचा बॉयलर दिवसरात्र चालतो. मॅडमनी शेठना विचारलं, की बॉयलरच्या वाफेच्या पाइपाला लागून वाळूनं भरलेली एक लोखंडी पेटी तीन दिवस ठेवू का. शेठनी पेटीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं.

"मैडम, रखने को तो रख दो. पर ये फटेगा तो नहीं ना?"

"फटेगा तो पेटी के अंदर फटेगा, सेठजी. रेत लाल हो जाएगी, और कुछ नहीं."

शेठचं पुरतं समाधान झालं नसावं. दुसऱ्या दिवशी आम्ही तापमान पाहायला गेलो, तर पेटीवर लिंबू-मिरची टांगलेली आणि समोर अगरबत्ती. मिलमधल्या कामगारांनी तिचं नावही ठेवलं होतं: मैडम का अचार.

लोणचं मुरलं. तीन दिवसांनी नळी फोडली तेव्हा आत गडद लाल भुकटी होती. आता ती धुवायची. धुणं हे माझं काम. एका द्रावकानं, मग दुसऱ्यानं, मग पुन्हा पहिल्यानं, खालचा थेंब पाण्यासारखा स्वच्छ येईपर्यंत. मी दोन दिवस धुतली.

इथं मी जे केलं ते मी सांगितलंच पाहिजे.

मॅडम तेव्हा रक्त चढवून घ्यायला नागपूरला गेल्या होत्या. वर्षातून दोन-तीनदा जावं लागायचं. पावडर धुऊन वाळून तयार होती, आकाश निरभ्र होतं, आणि मला राहवलं नाही. पुण्याहून आणलेल्या जुन्या पावडरींवर त्यांना शंभर वेळा करताना पाहिलं होतं, तसं मी सगळं पाण्यात घातलं, बाटली बंद केली आणि गच्चीवर ठेवली. अर्ध्या तासानं काचेला आतून बारीक बारीक बुडबुडे धरले. मग एक एक सुटून वर जाऊ लागला.

मी गच्चीवर एकटा होतो. मी नाचलो. मग मोबाइल काढला, व्हिडिओ घेतला आणि स्टेटसला टाकला: आमच्या कॉलेजात पाण्यातून हायड्रोजन! भारत माता की जय!

हेडक्लार्कनी तो पाहिला. त्यांनी प्राचार्यांना पाठवला, प्राचार्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना. तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती आणि चौथ्या दिवशी कार्यक्रम ठरला होता. मांडव, पाहुणे, प्रात्यक्षिक.

मॅडम नागपूरहून आल्या त्या सरळ प्रयोगशाळेत. मी पेपर पुढं केला. त्यांनी वाचला, चष्मा कपाळावर ढकलला. मला पुढचा प्रश्न माहीत होता.

"अंधारात ठेवून पायलं का?"

"नाही मॅडम."

"आन पावडर न टाकता?"

"नाही."

"चला."

मी भरली होती तशाच, नळाच्या पाण्याच्या तीन बाटल्या भरल्या. एकीत पावडर, दुसरीत पावडर पण वरून काळं कापड, तिसरीत नुसतं साधं पाणी. मी वर नेऊन उन्हात ठेवल्या, मॅडम जिन्याच्या दारात सावलीला बसल्या. अर्ध्या तासानं लाल बाटलीत बुडबुडे आले. आणि साध्या पाण्याच्या बाटलीतही आले. तितकेच.

मी साध्या पाण्याची बाटली उचलून उजेडाकडे धरली.

"नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते, भाऊ," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पाणी तापलं का ते बाहेर पडते. जाड कापडाखालची बाटली अजून तेवढी तापली नाही, तिच्यातली आत राहिली. आपण आधी पाण्यातली हवा काढतो, ते तुमी ह्यावेळी केलं नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, मॅडम, मला माफ करा.

"कायची माफी? तुमी पायलं ते खरं होतं. अर्थ चुकीचा लावला. हे माह्याकडूनही झालं आहे, पुण्यात. फक्त तवा माह्याजवळ व्हाट्सॲप नव्हतं."

त्या मला घेऊन प्राचार्यांकडे गेल्या. आमचे प्राचार्य वाईट माणूस नाहीत, तुम्हीही त्यांना पाहिलं तर असंच म्हणाल. घाबरट आहेत, इतकंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ पुसलं.

"मॅडम, पत्रिका वाटून झाल्या. अध्यक्षसाहेब स्वतः येत आहेत. हायड्रोजन पुढं निघणारच आहे ना? तुम्हीच म्हणता. मग तो आज निघाला असं समजा. थोडंसं आधी सांगितलं, एवढंच."

"सर, माह्याजवळ तेवढा टाइम नाही."

"कशाला टाइम?"

"खोटं सांभाळाले. एक खोटं बोललं का मंग जन्मभर त्याच्यामागं फिरा लागते. माह्याजवळ जन्म थोडा आहे. तो मी कामाले लावणार."

प्राचार्यांनी टेबलावरची पत्रिका फिरवून पाहिली. मग म्हणाले, "पण प्रात्यक्षिक दाखवाल ना?"

"दाखवतो नं जी. प्रात्यक्षिक तं दाखवलंच पाहिजे."

प्राचार्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. मी मॅडमना तोवर बराच ओळखू लागलो होतो.

कार्यक्रम कॉलेजच्या पटांगणात झाला. मांडवापुढं उन्हात एक टेबल. अध्यक्ष, पाहुणे, पहिल्या रांगेत पत्रकार, मागं विद्यार्थी. मॅडमनी मला सांगितलं तसं मी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या, एक लाल, एक साधी. मॅडम मांडवाच्या कडेला सावलीत माइक घेऊन उभ्या राहिल्या. पाच मिनिटं भाषणं झाली, मग आणखी पंचवीस मिनिटं झाली, आणि बाटल्यांत बुडबुडे आले. टाळ्या पडल्या.

मॅडमनी हात वर केला. टाळ्या थांबल्या.

"डाव्या बाटलीत आमची पावडर आहे," त्या म्हणाल्या. "उजवीत नळाचं पाणी. बुडबुडे दोन्हीत आले. म्हणजे हे बुडबुडे हवेचे आहेत. पेपरात आलं ते बरोबर नाही. हायड्रोजन आम्हाले अजून भेटला नाही."

मागून कोणीतरी हसलं. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. त्यांनी समोरच्या माइकवरच विचारलं, "मग आम्हाला इथं बोलावलं कशाला?"

"मी नाही बोलावलं, साहेब. पण आले ते बरं झालं. एवढ्या लोकांसमोर चुकीचं दुरुस्त कराले भेटत नाही."

"तो व्हिडिओ कोणी पसरवला?"

प्राचार्यांची मान माझ्याकडे वळली. घरी बायको, शिकणारी मुलगी, आणि नोकरी हीच एक. मॅडमनी प्राचार्यांना बोलूच दिलं नाही.

"माह्या प्रयोगशाळेत जे होते त्याची जबाबदारी माही. विचारायचं ते मले विचारा."

त्यांना विचारलंच. दुसऱ्याच दिवशी संस्थेकडून पत्र आलं: तांत्रिक कारणांमुळे प्रयोग अयशस्वी झाल्याबद्दल लेखी दिलगिरी द्यावी. मॅडमनी टेबलाशी बसून, माझ्यासमोर उत्तर लिहिलं. मी ते टाइप करायला नेलं म्हणून मला पाठ आहे. "प्रयोग अयशस्वी झालेला नाही. प्रयोग पूर्णपणे यशस्वी झाला. बुडबुडे हवेचे होते हे सर्वांसमक्ष सिद्ध झाले. तरी दिलगिरी कशाबद्दल, ते कळावे."

उत्तर आलं नाही. कुलूप आलं. मॅडमच्या संशोधनाची खोली परीक्षेच्या उत्तरपत्रिका ठेवायला लागणार आहे असं सांगून किल्ली काढून घेतली. स्टाफरूममध्ये लोक त्यांच्याशी जपून बोलू लागले. पुण्याचे सर तेवढे एकदा जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही बरोबर केलंत," आणि कोणी पाहिलं तर नाही ना, ते पाहून निघून गेले.

मला वाटलं, आता संपलं. मी दुपारी त्यांना म्हणालोही तसं.

"काय संपलं? ऊन संपलं का?" त्या म्हणाल्या. "पेटी तुमच्या गाडीवर येते का, ते पाहा."

मॅडमही कुडव्यालाच भाड्यानं राहायच्या, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्यांच्या स्वयंपाकघराची अर्धी प्रयोगशाळा झाली. पोळ्या एका बाजूला, द्रावकं खिडकीबाहेरच्या शेडमध्ये. पुण्यात ज्यांच्या हाताखाली पीएचडी केली त्या जुन्या सरांकडून त्यांनी रसायनं मागवली. नळ्या मिलच्या बॉयलरला, धुणं माझ्याकडे, गच्ची त्यांच्या घरमालकाची. कॉलेज सुटलं की मी घरी चहा प्यायचो आणि तिकडे जायचो. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. बायको म्हणायची, "तुमाले कोणी सांगतलं नाही, कोणी मागतलं नाही, मंग कायले जाता?" मी चपला घालायचो आणि निघायचो. पुढं पुढं तीच मॅडमसाठी डबा द्यायला लागली.

दुसरी पावडर पाण्यात विरघळून गेली. तिसरी टिकली, पण ढिम्म. चौथी दोन दिवसांत पिवळी पडली. प्रत्येक वेळी मॅडम वहीत लिहायच्या, काय केलं आणि काय झालं नाही. दुखणं आलं तर खाटेवर पडून लिहायच्या. एकदा पेन धरवेना, तेव्हा त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. माझं अक्षर पाहून म्हणाल्या, "भाऊ, हे वाचासाठी वेगळं यंत्र लागन."

पाचव्या पावडरीच्या वेळी आम्ही पाणी आधी उकळलं, त्यातली हवा काढली, आणि मगच बाटल्या भरल्या. आता डोळ्यांनी पाहून काही ठरवायचं नव्हतं. वायू वेगवेगळे करून दाखवणारं यंत्र नागपूरला होतं, मॅडमच्या एका मैत्रिणीच्या विभागात. म्हणून जमलेला वायू बाटल्यांसकट तिकडे न्यायचा ठरला. हायड्रोजन कुठूनही निसटतो, त्यामुळं बाटल्या उलट्या, पाण्यात बुडवून, एका मोठ्या स्टीलच्या डब्यात. तीन बाटल्या. उन्हातली, कापडातली, आणि बिनपावडरीची.

सकाळच्या गाडीत मी तो डबा मांडीवर धरून बसलो. नागपूरपर्यंत हललो नाही. टीसी आला. त्याला डब्याचा संशय आला.

"इसमें क्या है?"

"हवा," मॅडम म्हणाल्या.

"हवा? इतने बड़े डिब्बे में?"

"तीन शीशी हैं. दो में हवा है. तीसरी में क्या है, वही पता करने जा रहे हैं."

टीसीनं आमच्याकडे एकदा पाहिलं, तिकिटं न पाहताच पुढं गेला.

यंत्राच्या पडद्यावर एक रेघ चालते. वायू असेल तिथं ती वर उठते. मैत्रिणीनं आधी कापडातल्या बाटलीतला वायू सुईनं काढून यंत्रात सोडला. हायड्रोजनच्या जागी रेघ सपाट. मग बिनपावडरीची. सपाट. मॅडम पाणी प्यायल्या. मग तिसरी. रेघ चालली, चालली, आणि त्या जागी आली तेव्हा वर उठली. फार नाही. एखाद्या बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, पाळ असते, तेवढी.

मैत्रीण ओरडली. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा करा."

पुन्हा केलं. पुन्हा उठली. तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदाही उठली.

मॅडम बाहेर गेल्या. मी मागं गेलो तर विभागासमोरच्या अंगणात भर दुपारच्या उन्हात उभ्या, तोंड वर, डोळे मिटलेले. मी छत्री घेऊन धावलो.

"मॅडम, छत्री."

"राहू द्या जी. एक मिनिट."

मी छत्री मिटून बाजूला उभा राहिलो. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

मग ह्या संशोधनाचा पेपर लिहिला. पहिलं नाव मॅडमचं, आणि दुसरं नाव त्यांनी माझं घातलं. मला माहीतच नव्हतं. पुण्याच्या जुन्या सरांचा फोन आला तेव्हा मी पावडर धूत होतो आणि फोन स्पीकरवर होता. सर म्हणाले, "परिचराचं नाव लेखकांत? बरं दिसत नाही. त्यांचे आपण शेवटी आभार मानू."

"सर, आभार चहाचे मानतात," मॅडम म्हणाल्या. "ही पावडर धुवायची कशी, ते फक्त ह्यांना येतं. मला येत नाही. माझं नाव काढा हवं तर, त्यांचं राहू द्या."

सरांशी त्या प्रमाण भाषेत बोलल्या, ते मी पहिल्यांदा ऐकलं. नाव राहिलं.

पेपर छापून आला. कॉलेजनं किल्ली परत दिली, सत्कारही ठेवला. मॅडम गेल्या नाहीत. तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं, ते घेत बसल्या.

पुढच्या जानेवारीत थंडीची लाट आली आणि त्यांच्या छातीत दुखू लागलं. आधी गोंदियाला, मग नागपूरला. मी भेटायला गेलो तेव्हा नाकाला नळी होती. बोलताना दम लागत होता.

"भाऊ, व्हिटॅमिन सीशिवाय कराचं राहिलं."

"करू मॅडम."

"करू म्हणू नका. केल्यावर सांगा."

मी मान हलवली. दोन दिवसांनी त्या गेल्या. एकेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या गावी, त्यांच्या लोकांनी बांधलेल्या तलावाच्या पाळीखाली त्यांना नेलं. मिलचे शेठ आले होते, दोन कामगारांना घेऊन.

कॉलेजात शोकसभा झाली. स्टेजवर मॅडमचा हार घातलेला फोटो. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. म्हणाले, की ह्या कन्येनं गोंदियाच्या मातीत पाण्यातून इंधन काढून दाखवलं. म्हणाले, की आता तो दिवस दूर नाही, जेव्हा आपल्या गाड्या आपल्याच तलावांच्या पाण्यावर धावतील. म्हणाले, की ह्या प्रयोगामागं संस्था पहिल्या दिवसापासून खंबीरपणे उभी होती.

सभागृहात सगळे मान खाली घालून बसले होते. प्राचार्य, हेडक्लार्क, पुण्याचे सर. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. पाण्याचे ग्लास फिरवायचं काम माझ्याकडे होतं. ट्रे मी खुर्चीवर ठेवला.

"नाही साहेब," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. सगळ्या माना मागं वळल्या.

"मॅडमनी हायड्रोजन काढला तो दोन चमचे. जास्त नाही. त्याच्यात व्हिटॅमिन सी संपते, त्याच्याशिवाय अजून जमलं नाही. गाड्या चालाले लय काम बाकी आहे. आन संस्था पहिल्या दिवसापासून उभी नव्हती, संस्थेनं मॅडमच्या खोलीले कुलूप लावलं होतं."

हेडक्लार्क मला हातानं खाली बसण्याची खूण करत होते. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि लांबून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही कोण?"

वीस वर्षं ह्या प्रश्नाला मी एकच उत्तर देत आलो होतो. ते तोंडापर्यंत आलं होतं.

"मॅडमच्या पेपरात दुसरं नाव माझं आहे," मी म्हणालो.

अध्यक्षांच्या हातातला कागद तसाच राहिला. मी खाली बसलो नाही. आणखी कोणाला काही विचारायचं असलं तर विचारू दे, म्हणून उभाच राहिलो.